नाकात तंबाखूचं पाणी सोडून मेंढीच्या नाकातल्या अळ्या संपत नाहीत

मेंढपाळांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: "शेंबडानं बेजार झालेल्या मेंढीच्या नाकात तंबाखूचं पाणी किंवा टर्पेन्टाइन सोडा, अळ्या पटापट पडतात. जंताचा डोस पाजला असेल तर इंजेक्शनची गरजच नाही. शिंकणाऱ्या मेंढीवरच उपाय करा, बाकीच्यांवर खर्च नको." हे ऐकून कोकरं दगावू शकतात, म्हणून एकेक मुद्दा.

"अळ्या पटापट पडतात." पडते ती पिकलेली अळी: अडीच-तीन सेंटिमीटर लांब, पिवळसर, पाठीवर काळे आडवे पट्टे. ती आपसूकच शिंकेतून बाहेर येणार होती; नाक झोंबलं म्हणून जरा लवकर आली. बाकीच्या कुठं असतात? या अळ्या ज्या माशीच्या, ती करडी माशी अंडी घालत नाही, उडता उडता नाकपुडीपाशी मिलिमीटरभराच्या जिवंत अळ्या सोडते. त्या वर सरकत कपाळाच्या हाडातल्या, शिंगाच्या मुळापर्यंत गेलेल्या पोकळ्यांत जाऊन वाढतात. नाकात ओतलेलं पाणी तिथं पोचत नाही. ते घशातून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि तंबाखूतलं निकोटिन नाकाच्या ओल्या आतल्या कातडीतून भराभर रक्तात जातं. कोकराला ते जीवघेणं ठरू शकतं.

अळी पडलेली दिसलीच तर चिरडा किंवा जाळा. तशीच सोडली तर ती मातीत शिरून कोष करते आणि उबदार दिवसांत साधारण महिनाभरात माशी बाहेर येते.

"जंताचा डोस पुरतो." कोणता? अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल पोटातल्या जंतांसाठी; या अळीवर त्यांचा भरवसा नाही. आयव्हरमेक्टिन चालतं, वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या इंजेक्शनचा हिशोब ५० किलोला १ मिली, म्हणजे २५ किलोच्या मेंढीला अर्धा मिली आणि १० किलोच्या कोकराला ०.२ मिली. पाच मिलीच्या सिरिंजमध्ये ०.२ मोजणं म्हणजे अंदाजपंचे, तिथंच डोस दुप्पट होतो. १ मिलीची सिरिंज घ्या. वजन नजरेनं नको, काट्यावर करा. मानेची सैल कातडी चिमटीत उचलून सुई कातडीखाली घाला, मांसात नाही. क्लोझँटेलही लागू पडतं, पण मात्रा जास्त झाली तर मेंढी आंधळी होते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या हातूनच. दूध-मटणाचे वर्ज्य दिवस बाटलीवर छापलेले असतात, ते पाळा.

औषधानंतरही काही दिवस शेंबूड राहतो. मेलेल्या अळ्या पोकळीत अडकतात, सूज उतरायला वेळ लागतो. "औषध लागू पडलं नाही" म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा टोचू नका.

"शिंकणाऱ्या मेंढीवरच." लहान अळ्यांचा शेंबूड दिसत नाही. दुपारच्या उन्हात मेंढ्या पाय आपटत, एकमेकींच्या पोटाखाली तोंड खुपसून उभ्या राहिल्या की माशी कळपात आहे असं समजा. वीस मेंढ्या असोत की पाच, औषध एकाच दिवशी सगळ्यांना.

मात्र प्रत्येक शेंबूड अळीचा नसतो. ताप १०५ फॅरेनहाइटच्या वर, तोंडात फोड, जुलाब अशी लक्षणं असतील तर पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूच्या साथीचा) संशय धरा, मेंढी वेगळी बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. एकाच बाजूला गरगर फिरणाऱ्या मेंढीच्या मेंदूत कुत्र्याच्या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) गाठ असू शकते. तिथं आयव्हरमेक्टिनचा उपयोग नाही. राखणीच्या कुत्र्यांना या जंतावरचं प्राझिक्वांटेल द्या, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं त्यांच्यापुढं टाकू नका.