टीडीएस १०० च्या वर म्हणजे विष? सांगलीत फिरणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नळाच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १०० च्या वर गेला की पाणी विषारी, त्यात करंट सोडल्यावर तपकिरी झालं तर ती पोटात जाणारी घाण, क्षाराच्या पाण्याने मुतखडा होतो, तुरटी फिरवून पाणी मऊ करा नाहीतर सरळ आरओ (क्षार काढणारा फिल्टर) बसवा. एकेक घेऊ.

हा १०० कुठून आणला देव जाणे. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आणि टीडीएसचं मीटर मोजतं काय, तर पाण्यातून वीज किती जाते ते, त्यावरून क्षारांचा अंदाज. जंतू त्याला दिसतच नाहीत. पावसाळ्यात कृष्णा गढूळ वाहते तेव्हा पावसाच्या पाण्यामुळे क्षार उलट पातळ होतात, मीटर बऱ्याचदा कमी आकडा दाखवतं, आणि गॅस्ट्रो-काविळीची भीती नेमकी तेव्हाच जास्त! मग त्या कमी आकड्याचं करायचं काय?

आता तो करंटचा खेळ, ह्याला लय लोक फसतात. आरओ विकणारे पाण्यात बुडवून दाखवतात त्या यंत्राच्या कांड्यांत लोखंड असतं, नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज जाते, कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि तपकिरी गाळ होतो. म्हणजे घाण पाण्यातली नाही, कांडीची. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत म्हणून वीज जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं, एवढंच. विकायला आलेल्या माणसाला म्हणावं, त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत लाव. बघा त्याचं तोंड.

पाण्याचा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असणं) मात्र खरा आहे, बोअरवाल्यांना सांगायला नको, डाळ शिजत नाही आणि गिझरची कॉईल पांढरी होते. मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, नाइलाजाला ६००. घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा किस टाका (डिटर्जंट नको, त्याचा फेस जड पाण्यात पण होतो) आणि हलवा. फेस कमी आणि वर दह्यासारखा साका आला तर पाणी जड. शेजारी पावसाच्या पाण्याची बाटली ठेवली की फरक लगेच कळतो. तुरटीने फक्त गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळल्यावर थोडा जातो, पातेल्याच्या बुडाला पांढरं बसतं ते तेच.

मुतखड्याचं म्हणाल तर जड पाण्याने तो होतोच असं सिद्ध झालेलं नाही, पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे.

आरओ फेकतो किती पाणी ते बादली लावून बघा एकदा. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेच सरकारला सांगितलेलं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा.

खरं तपासायचं तर जंतू मारायला पाण्यात टाकलेलं क्लोरीन उरलंय का ते तपासा. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन ओळखायचं औषध) थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला पाहिजे, नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. रंगच आला नाही तर पाणीपुरवठ्यात तक्रार करा आणि तोवर उकळून प्या. गावाकडे ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे हे थेंब असतात, जंतू तपासायची एचटूएसची बाटली पण मिळते, पाणी भरून ठेवायची, एक-दोन दिवसात काळी पडली तर ते पाणी तसंच प्यायचं नाही, मग मीटर ५० दाखवू दे नाहीतर ५००.