जुन्या गाडीचा जाड पत्रा आणि नव्या गाडीचे बंद कुलूप

‘जुन्या गाड्यांचा पत्रा कसा जाड होता, आताच्या गाड्या हात लावला तरी चेपतात’ हे विधान इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकू येते, की त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. जुन्या गाड्या मलाही मनापासून आवडतात. परंतु सुरक्षिततेच्या बाबतीत हे विधान साफ चुकीचे आहे.

अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २००९ साली १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. धिप्पाड बेल एअरमध्ये चालकाच्या बसण्याची जागाच चिरडली गेली आणि पुतळ्याऐवजी आत खरा चालक असता तर तो वाचला नसता. मालिबूच्या चालकाला मात्र पायाच्या दुखापतीपलीकडे फारसे काही झाले नसते. नव्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे बांधलेले असते. धडकेची ऊर्जा त्या चुरगळण्यात खर्ची पडते आणि माणसे बसतात तो कप्पा शाबूत राहतो. चेपणे हा तिचा दोष नसून तेच तिचे काम आहे. योगायोग असा, की व्होल्वोचे अभियंते निल्स बोहलिन यांचा तीन बिंदूंचा सीटबेल्टही १९५९ मध्येच आला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले.

मग जुन्या गाडीचे मोठेपण कशात? माझ्या मते, ती मालकापासून काहीही लपवत नाही यात. १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी तयार झालेली फोर्ड मॉडेल टी पाहा. वीस अश्वशक्तीचे इंजिन, पेट्रोल टाकीतून केवळ उताराने खाली येणारे, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये चढावा लागे. ठिणगी केव्हा पडावी हेसुद्धा चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठरवत असे. हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. हा त्रास कोणी गोड मानू नये. तरीही बिघाड झाला की तो डोळ्यांना दिसत असे आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होत असे.

आताच्या गाडीत असे होत नाही, पण याचा दोष मी तिच्यातल्या संगणकाला देत नाही. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागते, आणि ते क्षणोक्षणी सांभाळणे जुन्या गाड्यांत हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे आहे. माझा आक्षेप त्या संगणकाला घातलेल्या कुलुपाला आहे. काही गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी तिची नोंद गाडीच्या संगणकात खास उपकरणाने करावी लागते, आणि कुशल स्वतंत्र मेकॅनिक केवळ ते उपकरण नाही म्हणून हात टेकतो. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, हा युक्तिवाद मला पटत नाही. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत बिघाड शोधणारे यंत्र जोडण्यासाठी एकाच प्रमाणाचे निदान-सॉकेट सक्तीचे झाले, आणि धुराशी संबंधित बिघाडांचे संकेत कोणालाही स्वस्त यंत्राने वाचता येऊ लागले. धुराच्या बाबतीत जे कायद्याने घडवून आणता आले, ते ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या बाबतीतही घडवून आणता येईल, आणि गाडी विकत घेणाऱ्यांनी ते मागितले पाहिजे.