इंदूरला बिशप इंग्रजांनी बसवला?

इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: इंग्रजांनी रेसिडेन्सीत (त्यांच्या राजकीय प्रतिनिधीच्या वसाहतीत) चर्च बांधून होळकरांच्या राज्यात बिशप बसवला, तेव्हापासून परदेशी बिशपच इथल्या सगळ्या ख्रिश्चनांना चालवतात, एकाचे अनेक धर्मप्रांत (एकेका बिशपच्या अखत्यारीतले प्रदेश) झाले ते धर्मांतरे वाढल्यामुळे, आणि हे सगळे मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीने इंदुरात सिद्ध केले. धर्मांतराबद्दल कुणाचे काय मत असावे हा वेगळा विषय. पण आपल्याच शहराचा इतिहास असा मोडून-तोडून सांगितला जात असताना गप्प बसणे मला जमत नाही.

आधी इंग्रजांचे पाहू. रेसिडेन्सीतले व्हाइट चर्च त्यांचे, हे खरेच. अशा चर्चमधल्या पाद्र्यांचे पगार सरकारी तिजोरीतून होत, हेही खरे. पण चर्च आहे म्हणून बिशपही होता, असे होत नाही. इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचा धर्मप्रांत 1903 मध्ये झाला तो नागपूरला, आयर चॅटरटन त्याचे पहिले बिशप, आणि मध्य भारतातली संस्थाने त्यांच्याच कक्षेत होती. इंदूरच्या नावाचा कॅथलिक विभाग 1935 चा, तोही धर्मप्रांताच्या आधीची पायरी म्हणून. पूर्ण धर्मप्रांत झाला 1952 मध्ये. तोवर इंग्रज जाऊन पाच वर्षे झाली होती आणि होळकर संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झाले होते. पहिले बिशप फ्रान्स सिमन्स डच होते. त्यांचा एसव्हीडी हा कॅथलिक मिशनरी संघ एका जर्मन धर्मगुरूने हॉलंडमध्ये स्थापन केलेला.

इंग्रज अधिकारी आणि मिशनरी यांचे सदैव संगनमत होते, असे हा मजकूर सुचवतो, तेही इंदूरच्या बाबतीत टिकत नाही. 1877 पासून इथे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मिशन होते. आपले इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांचेच, 1887 चे. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या दरबाराने बाजारातल्या प्रचाराला विरोध केला, तेव्हा गव्हर्नर जनरलचे एजंट, म्हणजे मध्य भारतातल्या संस्थानांवरचे इंग्रज अधिकारी, लेपेल ग्रिफिन मिशनऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. गाऱ्हाणे थेट व्हाइसरॉयपर्यंत न्यावे लागले. आणि मुख्य गोष्ट म्हणजे प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत बिशप हे पदच नसते! पाळक आणि मंडळीने निवडलेले वडीलधारे (एल्डर) मिळून कारभार पाहतात. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकनांसह अनेक मंडळ्या तीत एकत्र आल्या, तेव्हा कुठे या लोकांना बिशप मिळाला. नव्वदहून अधिक वर्षे ज्यांना बिशपच नव्हता, त्यांना तो 'चालवत' होता हे म्हणायचे तरी कसे?

आजही एकच बिशप सगळ्यांचा नाही. शेजारच्या उज्जैनचा धर्मप्रांत कॅथलिकच, पण केरळातल्या सिरो-मलबार परंपरेचा. तिथला पूजाविधी निराळा, कारभार निराळा. 'परदेशी' हा आरोप सिमन्स यांना लागू पडतो, 1971 पर्यंत. मात्र याच सिमन्स यांनी 1968 मध्ये पोपच्या अचूकतेच्या (श्रद्धेच्या शिकवणीत पोप चुकू शकत नाहीत, या) सिद्धांतालाच पुस्तक लिहून आव्हान दिले होते, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असावे असे वाटत नाही. त्यांच्यानंतरचे जॉर्ज अनाथिल मल्याळी, 2008 पर्यंत पदावर होते. झाबुआचे बिशप झालेले देवप्रसाद गणावा आणि 2021 मध्ये कोविडने गेलेले बसील भुरिया तर भिल्ल समाजातले. झाबुआच्या भिल्लाला परदेशी ठरवणे मला फार लागले.

आता धर्मप्रांतांची संख्या. 1963 मध्ये भोपाळला आर्चबिशप (बिशपांमधले वरिष्ठ) आले, 1968 मध्ये उज्जैन, सागर आणि सतना हे विभाग सिरो-मलबार चर्चकडे गेले, 1977 मध्ये इंदूरमधून खंडवा वेगळा झाला, 1999 मध्ये झाशीतून ग्वाल्हेर, 2002 मध्ये झाबुआ. आज मध्य प्रदेशात नऊ कॅथलिक धर्मप्रांत आहेत. पण 2001 च्या जनगणनेत राज्यातले ख्रिश्चन सुमारे 0.3 टक्के होते आणि 2011 लाही तेवढेच. धर्मप्रांत मोठा असला की बिशपला गावोगावी पोहोचता येत नाही, भाषा बदलते, म्हणून तो विभागतात. खंडव्यातून बुऱ्हाणपूर आणि झाबुआतून अलिराजपूर हे जिल्हे काढले, ते कारभारासाठीच ना?

नियोगी समितीबद्दल फार लिहायची गरज नाही. 1954 मध्ये ती नेमली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती. इंदूर तेव्हा मध्यभारतात होते, तिथे वेगळी चौकशी समिती होती. विदर्भ वगळून दोन्ही राज्ये एक झाली 1 नोव्हेंबर 1956 ला. नियोगी अहवालावर वाद घालायचा तर जरूर घालावा, पण इंदूरबद्दल बोलताना त्याचा दाखला चालणार नाही.