खुलासा: ३२० केल्याने जुना आवाज सुधारत नाही

सांगलीतल्या आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या व्हीसीडीतला आवाज ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये काढा, दर्जा वाढतो.’ हे चूक आहे. (केबीपीएस म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठी किती किलोबिट माहिती वापरली, त्याचं माप.) व्हीसीडीवर आवाज एमपी२ या दाबून लहान करण्याच्या प्रकारात, २२४ केबीपीएसने साठवलेला असतो. तसा साठवताना आवाजातलं जे गाळलं गेलं ते परत येत नाही. उलट पुन्हा एन्कोड करताना (दुसऱ्या प्रकारात बदलताना) आणखी थोडं जातं. फाइल तेवढी फुगते. आमच्या गेलेल्या बुवांचा आवाज या तबकड्यांवरच उरलाय, म्हणून कळकळीने सांगतोय. एफएफएमपेग या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओला ‘कॉपी’ पर्याय दिला की मूळ आवाज जसाच्या तसा वेगळा निघतो. तो जपून ठेवा. मोबाइलसाठी त्यावरूनच एएसी किंवा ओपस या ऑडिओ प्रकारात प्रत करा.