नव्वद घोडे आणि आमच्या आई

माझ्या नवऱ्याच्या गाडीला दोनच सीटा आहेत, त्यामुळे सहकुटुंब कुठे जायचं तर तिच्यामागून दुसरी गाडी न्यावी लागते. ती दुसरी गाडी मी चालवते. तिच्यात जॅक, पाने, सुटी चाकं, ब्रेक ऑइलचे डबे, दोन हेल्मेटं, घडीच्या खुर्च्या आणि चिवड्याचा डबा असतो. या खेपेला सासूबाईही होत्या. त्या पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या आणि इंग्लंडचा उन्हाळा बघून पहिल्याच दिवशी त्यांनी जी निळी शाल अंगावर घेतली ती काही उतरवली नव्हती.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-5, पहिल्या पिढीतली, 1996 सालची. बटण दाबलं की बॉनेटमधून हेडलाइट वर येतात, ती. 1989 मध्ये ही गाडी आली तेव्हा हलकी, साधी, उघड्या टपाची मजा स्वस्तात मिळते म्हणून जगाने डोक्यावर घेतली, आणि दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये विक्रीचा जागतिक विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. पहिल्या मॉडेलला 115 च्या आसपास हॉर्सपॉवर होती. मग 1995 पासून ब्रिटनमध्ये 1.6 लिटरचं एक स्वस्त मॉडेल विकायला काढलं, त्याची ताकद नव्वदवर आणून. आमचं ते. जिच्यात आई आणि जॅक बसतात ती माझी डिझेल स्टेशन वॅगन दीडशेची आहे, हा विषय आमच्या घरात काढायचा नसतो.

रविवारी केंटमधल्या ब्रँड्स हॅचवर ट्रॅक डे होता. म्हणजे पैसे भरायचे आणि आपलीच गाडी खऱ्या रेसट्रॅकवर हवी तेवढी पळवायची. पैकी 'हवी तेवढी' हे गाडीच्या मनावर असतं.

शनिवार ब्रेकमध्ये गेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलावा शिरला की ते लवकर उकळतं, उकळलं की वाफेचे बुडबुडे धरतात, आणि मग पायाखाली बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही. तेव्हा जुनं ऑइल काढून नवं भरायचं आणि एकेका चाकाची एअर काढायची. या कामाला दोन माणसं लागतात. तो गाडीखाली, मी आत पेडलवर.

"दाब."

"दाबलाय."

"धर. धरून ठेव. सोडू नकोस हं. आता सोड."

चारही चाकांना हेच, पुन्हा पुन्हा. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईंचा आवाज आला, "अरे, हे बाळंतपण अजून किती वेळ चालणार आहे? वरणभात निवला."

जेवणानंतर गाडी रिकामी करायची. ट्रॅकवर आत एकही सुटी वस्तू चालत नाही, कारण वळणावर पेन, नाणी, पाण्याची बाटली, सगळं सुटतं आणि नेमकं पेडलखाली जाऊन बसतं. पायपुसण्या निघाल्या, टूलकिट निघालं, आणि डॅशबोर्डवर आईंनीच आल्या आल्या चिकटवलेला गणपतीही निघाला.

"म्हणजे भाजी आणायला जाताना देव हवा," आई म्हणाल्या, "आणि जीव धोक्यात घालायला जाताना नको?"

यावर आयोजकांच्या नियमावलीत उत्तर नव्हतं. गणपती माझ्या गाडीत आला.

ब्रँड्स हॅचला 1986 पर्यंत सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकशी आलटून पालटून फॉर्म्युला वनची ब्रिटिश ग्रां प्री व्हायची. तिथल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, सकाळी सकाळी जी मंडळी जमतात त्यांतली बरीचशी तेव्हा शाळेत असावीत आणि गाड्याही साधारण त्याच वयाच्या. प्यूजो 205, पोर्श 944, टोयोटा एमआर2, चौकोनी तोंडाच्या बीएमडब्ल्यू. सगळ्यांची बॉनेटं वर आणि सगळ्यांचे मालक आत वाकलेले. इथे कोणी कोणाला नाव विचारत नाही, टायर कोणते ते विचारतात. एक आजोबा बराच वेळ आमच्या दरवाजाखालच्या पट्ट्या बोटाने ठोकून बघत होते. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाड्या तिथूनच गंजतात. आवाज टणक आला तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनापासून अभिनंदन केलं. आमच्या लग्नातसुद्धा त्याचं इतकं अभिनंदन झालं नव्हतं.

मग परीक्षा. आधी आवाजाची: एक्झॉस्टपासून अर्धा मीटर लांब, तिरका मीटर धरून एक माणूस उभा राहतो आणि इंजिन ठरलेल्या आरपीएमवर न्यायला सांगतो. आसपास लोकवस्ती असते, आवाज मर्यादेबाहेर गेला की पैसे भरूनही घरी. एका पठ्ठ्याची गाडी तिथेच नापास झाली आणि तो एक्झॉस्टच्या नळीत काय काय कोंबता येईल ते शोधत फिरू लागला. पुढची परीक्षा झाडूची. उघड्या टपाच्या गाडीला सीटमागे लोखंडी रोल बार हवा, आणि त्या बारवरून पुढच्या काचेवर झाडूचा दांडा आडवा टाकला तर हेल्मेट त्याला लागता कामा नये. मी सहज पास. नवऱ्याला सीटच्या गादीतून स्पंज काढावा लागला.

ब्रीफिंगमध्ये झेंडे शिकवले. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सगळं थांबलं, सावकाश आत परत या आणि निळा म्हणजे मागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे, वाट द्या. वळणात ओव्हरटेक नाही, पुढच्याने वाट दिल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि शेवटची ताकीद: वेळ मोजायची नाही. ही शर्यत नव्हे, शर्यत ठरली तर विम्याची सगळी गणितं फिरतात. लॅपची, म्हणजे एका फेरीची, वेळ मोजताना दिसलात तर बाहेर.

आई पॅडॉकच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसल्या. मी हेल्मेट घालून त्याच्या शेजारी.

पिटमधून निघाल्यावर थोड्याच वेळात पॅडॉक हिल बेंड येतं. तिथे रस्ता उजवीकडे वळतो आणि त्याच क्षणी पायाखालून निघून जातो. वळण नेमकं कुठे उतरतं ते टेकाडावरून दिसत नाही, तुम्ही श्रद्धेने स्टिअरिंग फिरवायचं. पोट वर राहतं, गाडी खाली जाते, तळाशी दोघांची गाठ पडते आणि लगेच ड्रुइड्सच्या हेअरपिनचा चढ लागतो. नव्वद घोडे त्या चढावर जे काही करतात त्याला मी पळणं म्हणणार नाही. त्या चढावर मला मार्शलचा चेहरा नीट बघायला वेळ मिळाला. त्याच्या हातात निळा झेंडा होता.

तो झेंडा दिवसभर आमच्यासाठीच फडकत होता. पोर्श गेली, एमआर2 गेली, एक नवीकोरी फॅमिली हॅचबॅक गेली, जिच्या मागच्या काचेवर 'बेबी ऑन बोर्ड' तसंच होतं. आणि दर वेळी माझा नवरा, जो कर्वे रस्त्यावर रुग्णवाहिका सोडून कोणासाठी बाजूला झाल्याचं मला आठवत नाही, आरशात बघायचा, इंडिकेटर द्यायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि सभ्यपणे बाजूला व्हायचा. पुढे गेलेला हात वर करून आभार मानायचा. हाही हात वर करायचा. जिथे वेगाला मर्यादा नाही अशा त्या एकमेव रस्त्यावर मी त्याला माणसासारखी गाडी चालवताना पाहिलं. हे शिक्षण आरटीओत सक्तीचं करायला हवं, असं मला पॅडॉक हिलच्या उतारावरही वाटत राहिलं, आणि त्या उतारावर दुसरं काही वाटून घेणं सोपं नसतं.

शेवटचा लॅप हळू मारायचा, ब्रेक गार व्हावेत म्हणून. आत येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला धरून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची. आम्ही हेल्मेटं काढली. केस, चेहरे, सगळं एकाच बाजूला गेलेलं.

"कितवा आलास?" आईंनी विचारलं.

"नंबर नसतो गं आई यात."

"मग वेळ किती लागला?"

"वेळ मोजायची नसते."

आईंनी डोळे बारीक केले. दोन मुलांना स्कॉलरशिपला बसवलेली बाई ती. "इतके पैसे भरून, परत परत जिथून निघालास तिथेच यायचं, आणि नंबर नाही, वेळ नाही. यापेक्षा पर्वतीला जाऊन आला असतास तर दर्शन तरी झालं असतं."

परतीला एम25, लंडनला वळसा घालणारा मोटरवे. तो पुढे, त्या दोन सीटांच्या गाडीत एकटा, टप उघडं. मागे मी, आई, गणपती आणि टायर. इंजिनचा काटा वर सरकू नये म्हणून साहेब सावकाश चालले होते आणि चालले होते मधल्या लेनमधून. डावी लेन रिकामी, उजवीला गाड्यांची रांग. मधली लेन अशी अडवून बसलात तर इथे 2013 पासून शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट मिळू शकतात. मी दिवे दाखवले. तो ढिम्म. ट्रॅकवरचं सगळं सौजन्य ट्रॅकवरच ठेवून आला होता.

"तिथे तो माणूस कुठला झेंडा दाखवत होता गं?" आईंनी विचारलं.

"निळा."

आईंनी शाल काढली, दोन्ही हातांत धरून पुढच्या काचेआड पसरली आणि ठसक्यात हलवायला लागल्या.

पुढच्या गाडीच्या आरशात आधी एक डोळा दिसला. मग डावा इंडिकेटर लागला, गाडी डाव्या लेनमध्ये गेली आणि उघड्या टपातून एक हात वर झाला. आम्ही पुढे निघून गेलो. आई त्याला हात करायला विसरल्या, शाल नीट पांघरण्यात गुंतल्या होत्या. घरी पोचून आमचा चहा झाला तरी नव्वद घोडे आले नव्हते.

"आता मोजायची का वेळ?" आई म्हणाल्या.