फुकुशिमानंतर ‘सगळे परदेशी पळाले’ या दाव्याविषयी

‘फुकुशिमाच्या अणुभट्ट्या फुटल्यावर जपानमधले झाडून सगळे परदेशी पळाले, जे उरले त्यांना विषारी पाणी प्यावे लागले आणि सरकारने त्यांना अंधारात ठेवले’ हा मजकूर मार्च महिना आला की पुन्हा फिरू लागतो. मार्च २०११ मध्ये मी पत्नी आणि सात महिन्यांच्या मुलीसह टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाईला राहत होतो, त्यामुळे तो वाचून गप्प बसवत नाही.

पळाले म्हणावे, तर जपानमध्ये नोंदणीकृत परदेशी रहिवासी २०१० च्या अखेरीस सुमारे २१ लाख ३४ हजार होते आणि २०११ च्या अखेरीस सुमारे २० लाख ७८ हजार. विमानतळावर गर्दी होती हे खरेच. पण टोकियोतल्या शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीबाहेरची लांबलचक रांग पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठी होती. कायमचा निरोप घेणारा माणूस परत येण्याच्या शिक्क्यासाठी तेव्हाचे ३,००० येन कशाला मोजेल?

पाण्याचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो आमच्याच नळाचा होता. कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात २२ मार्चला घेतलेल्या नमुन्यात आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी आयोडीनचे प्रमाण किलोमागे २१० बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आढळले. तान्ह्या मुलांसाठीची मर्यादा १०० आणि मोठ्यांसाठीची ३०० होती, म्हणजे बंदी फक्त बाळांच्या पाण्यावर आली. सूचनेतली कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरे, मला वाचता येईनात, तेव्हा शेजारच्या आजींनी ‘अकाचान’, म्हणजे बाळ, या शब्दावर बोट ठेवून आधी मुलीकडे आणि मग नळाकडे पाहून हात हलवला. दुकानात ‘माणशी एकच बाटली’ अशी हाताने लिहिलेली पाटी होती आणि फळीवर उरले होते ते परदेशातून आलेले, जास्त क्षार असलेले कठीण पाणी, जे बाळाच्या दुधासाठी चालत नाही. महापालिकेने प्रत्येक बाळामागे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या वाटल्या. त्यांत तिचे दूध झाले आणि आमचा वरणभात नळाच्याच पाण्यात शिजला. २४ तारखेला तेथील प्रमाण ७९ वर आले आणि बंदी उठली. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ‘विषारी पाणी’ म्हणणाऱ्यांच्या मजकुरात हे कधीच नसते.

तिसरा आरोप मी खोडणार नाही. किरणोत्सर्ग कोणत्या दिशेने पसरेल याचे संगणकीय अंदाज २३ मार्चपर्यंत जाहीर झाले नाहीत, अणुइंधन वितळल्याची कबुली मे महिन्यात मिळाली आणि वायव्येकडील इइताते गाव रिकामे करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. परंतु याची खरी झळ बसली ती परदेशी लोकांना नव्हे, तर नामिएसारख्या गावांतून नेमके किरणोत्सर्गी ढगाच्याच वाटेवर आसऱ्याला गेलेल्या, अस्खलित जपानी वाचणाऱ्या माणसांना.

आमचा अंधार निराळा होता. टोकियो शहर फुकुशिमाच्या प्रकल्पापासून सुमारे २३० किलोमीटर दूर. टोकियोतल्याच शिंजुकूच्या मापकावर १५ मार्चला ताशी ०.८ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक) आसपास उच्चांक दिसला, जो एरवीच्या ०.०३ ते ०.०८ पेक्षा कितीतरी जास्त असला तरी काही तासांतच उतरला. इकडे सांगलीत आई पाहत असलेल्या वाहिनीवर मिलि आणि मायक्रो, तास आणि वर्ष यांची सरमिसळ चाललेली. त्यातच गळ्याला बेटाडीन चोळण्याचा सल्ला देणारा, बीबीसीच्या नावाने आशियाभर फिरलेला खोटा संदेश तिच्यापर्यंत पोहोचला होता. मी तिला फोनवर आकडे समजावून सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘ते असू दे, बेटाडीन आहे ना घरात?’’