जरासा बदल

‘कथा छान आहे, फक्त जरासा बदल करा,’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याला स्वतःला कधी कथा लिहावी लागली नसणार. नवीन कथा लिहिणं त्यामानाने सोपं. कोरा कागद कशालाच नाही म्हणत नाही. लिहून झालेली कथा मात्र प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते, आणि तेही लगेच म्हणत नाही. आधी हो म्हणते, तुम्हाला चार पानं पुढे जाऊ देते आणि मग पाय आडवा घालते.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा दिवाळीची वाट बघण्यात जातो. बेळगावचा पाऊस तर असा की घरात बसून लिहिण्यावाचून दुसरं काही सुचूही नये. अशाच एका पावसाळ्यात मी एक कथा लिहिली. नाव ‘गेट पडलंय’. उद्यमबागेत लेथवर काम करणारा राम संध्याकाळी सायकलवरून अनगोळला घरी निघतो, तिसऱ्या रेल्वे गेटापाशी येतो आणि गेट पडतं. शेजारी एक मुलगी उभी असते. एवढंच.

गेट पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आधी घंटा वाजते. घंटा ऐकून कुणी थांबत नाही, उलट सगळे वेग वाढवतात. दांडा खाली यायला लागला की सायकलवाले मान वाकवून आणि स्कूटरवाले स्कूटर तिरकी करून खालून निसटतात. एखादी म्हातारी डोक्यावरच्या बुट्टीसकट सावकाश पलीकडे जाते, तिच्यासाठी दांडासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. मग गर्दी साचते. एकामागे एक उभं राहायची पद्धत नाही. डावी बाजू भरली की माणसं उजवीकडे पसरतात. पलीकडेही तसंच. त्यामुळे गाडी गेली, दांडा वर गेला, की इकडची अख्खी फौज तिकडच्या अख्ख्या फौजेसमोर नाकाला नाक लावून उभी. कुणालाच हलता येत नाही. सगळे एकमेकांना ‘मागं घे की’ म्हणतात आणि मागे घेत कुणीच नाही. माझ्या कथेतलं प्रेम गाडी जाताना जमतच नाही. ते जमतं गेट उघडल्यानंतर.

ही कथा मी आधी एका गावच्या संमेलनात वाचली होती. सीमाभागात हे एक बरं आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत गावकरी स्वतः मराठी साहित्य संमेलनं भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, दुपारी जेवण आणि जेवणानंतर कथाकथन. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगावी नेलं, त्यामुळे आमच्या श्रोत्यांचे कान तयार आहेत. भरल्या पोटीसुद्धा ते झोपत नाहीत. झोपले तर कथेत खोट आहे असं समजायचं. माझ्या वेळी जागे होते.

मग कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडे गेली आणि संपादकांचा फोन आला.

‘कथा आवडली हं. फक्त, तुमच्या त्या तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल झालाय ना?’

झालाय. खरं आहे. संपादकांच्या मेहुण्यांचे कोणी साडू उद्यमबागेत कामाला आहेत, त्यांनी सांगितलं म्हणे.

‘मग वाचकांची पत्रं येतील. त्यापेक्षा पूलच दाखवा ना. संध्याकाळ, पुलावरचा वारा, खाली जाणारी गाडी... काव्यमय होईल.’

मी पूल दाखवायला बसलो. पूल आला, म्हणून राम थांबला नाही. राम थांबला नाही, म्हणून बोलणं झालं नाही. बोलणं झालं नाही, म्हणून लग्न झालं नाही. आणि शेवटच्या पानावर त्यांची जी सहा वर्षांची मुलगी ‘बाबा, गेट कधी उघडणार?’ असं विचारते, ती जन्मालाच आली नाही. सरकारी पुलापायी एका निष्पाप पोरीचं अस्तित्व पुसायचं माझ्या हातून होईना. शेवटी राम आणि त्या मुलीला पुलावर कठड्याशी उभं केलं. पण का उभी आहेत ती दोघं? त्या पुलावर उभं राहिलं तर मागून येणारा टेंपोवाला जे बोलतो, ते काव्यमय नसतं.

‘मग कथा मागे न्या. १९९० सालात ठेवा,’ संपादक म्हणाले.

हे मला पटलं. पण १९९० साली मोबाइल नव्हता आणि कथेचा सगळा उत्तरार्ध एका मिस्ड कॉलवर उभा आहे. तो काढला. रामची आत्या मुंबईहून थेट बेळगावच्या गाडीने येते, असं लिहिलं होतं. १९९० साली इथे मीटरगेज होती, मुंबईहून येणाऱ्याला मिरजेला उतरून गाडी बदलावी लागायची. म्हणजे आत्या मिरजेला उतरली. मिरजेला उतरली म्हणून उशिरा पोचली. उशिरा पोचली म्हणून साखरपुड्यात जे भांडण तिने काढायचं होतं, ते दुसऱ्या कुणालातरी काढावं लागलं, आणि दुसऱ्या कुणाला तसं जमेना. दूध आटवून कुंदा होतो. ‘जरा पातळ हो’ म्हणून कुंद्याला सांगितलं, तर त्याचं दूध होत नाही.

मधेच आणखी एक सूचना आली. कथेत बायका कमी आहेत, तेव्हा रामचा मित्र दत्ता आहे त्याची मैत्रीण करा. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं बरं असतं, एक नाव आणि दोन-चार सर्वनामं बदलली की काम झालं. आपल्याकडे दत्ता ‘आला, बसला, चहा प्याला, उठला’, तेव्हा दीपाला यावं, बसावं, प्यावं आणि उठावं लागतं, प्रत्येक क्रियापदात नव्याने. ते सगळं केलं. तरी तिसऱ्या पानावर दीपा दाढी कुरवाळत विचार करत होती, आणि ती दाढी काढली तर पुढचं वाक्य उघडं पडत होतं. दत्ताला परत बोलावलं.

गेटमनचं कानडी त्यांना नको होतं. तो एकदाच ‘निल्री!’ म्हणतो. ‘थांबा हो’ करा म्हणाले. ‘थांबा हो’ म्हटल्यावर बेळगावात गेटापाशी कोण थांबेल?

नाव बदलायचं प्रकरण सगळ्यात वाईट. अंकात आणखी एका कथेचा नायक राम निघाला. ती कथा नामवंतांची, तेव्हा माझ्याच रामने नाव बदलावं हे ओघानेच आलं. ‘सुरेश करतो, आमचा डीटीपीवाला मुलगा एका मिनिटात करेल,’ असा निरोप आला. त्याने एका मिनिटात केलंही. कंप्यूटरला ‘राम’ दिसेल तिथे ‘सुरेश’ घाल म्हणून सांगितलं. मला तपासायला जी प्रत आली, तीत नायकाचे वडील खुर्चीत ‘आसुरेश’ करत होते, गल्लीतली माणसं भेटली की ‘सुरेशसुरेश’ म्हणत होती, कापडखरेदी सुरेशदेव गल्लीत झाली होती, आणि ग्रामपंचायतीचं जे झालं होतं ते मोठ्याने वाचता येत नव्हतं.

सरकारचं काम वेगळं. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने एका दिवसात बारा शहरांची नावं बदलली, त्यात आमचंही होतं. पाटी बदलली, पण गल्लीतला माणूस कुठला म्हणून विचारलं तर अजून ‘बेळगावचा’ म्हणूनच सांगतो. तसं बघायला गेलं तर कागदावर एकदा लिहिलेलं बदलायचं म्हणजे काय, हे या गावाला कुणी शिकवायला नको. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि नकाशावर रेघ पडली. १९६७ साली सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्या रेघेपुढे माझी पाच पानी कथा काय चीज आहे? पण पाच पानंसुद्धा हलत नाहीत.

त्याच सुमाराला बाजारात एक शेतकरी भेटले. संमेलनात पहिल्या रांगेत बसले होते, मला चेहरा आठवत होता.

‘मास्तर, ती गेटची गोष्ट छापून आली काय?’

मी म्हटलं, येते आहे, पण आता तिच्यात गेट नाही, पूल केलाय.

कोथिंबिरीची पेंढी तशीच हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. ‘आनि मग त्या पोरीचं काय झालं?’

‘कुठल्या?’

‘शेवटाला गेट कधी उघडणार म्हणून इचारती ती. आमच्या म्हातारीला मी घरी जाऊन सगळी गोष्ट सांगितल्ये की. म्हातारीनं शेजारनीला सांगितली. आता काय, पूल झाला, पोरगी न्हाई, असं सांगत दारोदार फिरू होय?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथूनच संपादकांना फोन लावला आणि पहिलीच प्रत छापा म्हणून सांगितलं. आश्चर्य म्हणजे ते लगेच ‘हो’ म्हणाले. बहुधा तेही माझ्याइतकेच दमले असावेत. ‘पण राम मात्र सुरेशच राहील हं,’ एवढंच बजावलं.

अंक आला. कथा शब्दन्‌शब्द जुनीच. गेट होतं, घंटा होती, ‘निल्री’ होतं, दत्ता दाढीसकट होता. फक्त मधल्या काळात चित्रकाराकडे पुलाची प्रत गेली होती. त्यामुळे पहिल्या पानावर अर्धं पान भरून देखणा उड्डाणपूल, कठड्याला रेलून ती दोघं, वर चंद्र, खालून जाणारी गाडी. आणि चित्राखाली पहिलंच वाक्य: ‘गेट पडलं आणि सुरेशने सायकलवरून पाय टेकला.’

बायकोने चित्र पाहिलं, वाक्य वाचलं, पुन्हा चित्र पाहिलं. ‘अहो, डोक्यावर एवढा पूल आहे, तर ही दोघं गेटापाशी कशाला थांबलीत?’

संपादकांना कळवलं. त्यांनी चित्राचं फार कौतुक केलं. म्हणाले, ‘पुढे कथासंग्रहात घ्याल, तेव्हा सुरुवातीला एकच वाक्य घाला. पूल दुरुस्तीसाठी बंद होता म्हणून.’

बेळगावात त्या वाक्यावर कुणाचंच पत्र आलं नसतं.